पूर्णांक

शिरोली नाक्यावर चहाच्या गाड्याला
चिकटवलेला कागद, एक कोपरा वाऱ्यानं सुटलेला :
सँड लॅब इन्चार्ज पाहिजे. डिप्लोमा आवश्यक.
पगार समक्ष. अनुभव किमान पाच वर्षे.
'किमान'खाली कुणीतरी पेनानं रेघ मारलीय,
आधी कुणी वाद घालून गेल्यासारखी.

माझी झालीत दोन वर्षं आठ महिने.
त्यात साडेतीन महिने भट्टी बंद होती,
आम्ही खिडक्या पुसल्या, जुनी रजिस्टरं लावली.
ते धरायचे का?
आणि पाटणकर मॅडम बाळंतपणाला गेल्या तेव्हा
मी एकटीनं दोन पाळ्या ओढल्या, तो महिना
एक धरायचा की दोन?

इलाहीचाचांची एकतीस.
मिक्सरखालची काळी वाळू ते मुठीत घेतात, दाबतात,
मूठ उघडून तो गोळा मधोमध मोडतात.
कड स्वच्छ तुटली की म्हणतात, "ओता."
तळव्याला चिकटली की, "पाणी लई झालंय."
मग मी मशीनवर मोजते.
मशीन बहुतेक वेळा चाचांचं ऐकतं.

त्यांना जाहिरात वाचून दाखवली.
"डिप्लोमा? मग माझ्यासाठी न्हाई.
पाच वर्सं, तर तुझ्यासाठी बी न्हाई म्हणतीस.
मग हाय कुणासाठी?"
आणि तंबाखू मळत बसले.

मला माहीत आहे आकडा कसा जन्मतो.
गेल्या दिवाळीआधी टायपिंगची मुलगी आली नव्हती,
बेलेकर साहेबांनी मला बसवलं. वेल्डरची जाहिरात.
"अनुभव किती टाकू, सर?"
साहेब फोनवर, मुलीच्या लग्नाचा हॉल ठरवत.
तीन बोटं दाखवली. मग चौथं उचललं.
मी चार टाकले.
नंतर कळलं, चौथं कान खाजवायला होतं.
शेवटी जो लागला त्याची दीडच होती,
पण त्याचा जोड बघावा, रांगोळीची ओळ.
त्या एका बोटापायी घरी बसले किती,
ह्याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नाही.

पण हे पाचही कानाचंच असेल कशावरून?
पहाटे तीनला, लाडल डोक्यावर लटकत असताना,
सगळे बघतात लॅबच्या दाराकडे.
मागच्या श्रावणात मी "हो" म्हटलं होतं.
चाचा त्या रात्री नव्हते.
सकाळी बासष्ट कास्टिंगमध्ये ब्लोहोल,
पाव फोडल्यावर दिसतात तशी भोकं.
कुणी रागावलं नाही, ते जास्त लागलं.
त्या एका रात्रीचे महिने किती होतात?

उचगावच्या खोलीत अकरा वाजून चाळीस.
फॉर्म आज बाराला बंद.
नाव, गाव, डिप्लोम्याचे टक्के, सगळं भरलं.
अनुभवाच्या चौकटीत दोन पूर्णांक सात टाकलं,
तर लाल अक्षरं : फक्त पूर्ण संख्या लिहा.

दोन लिहिले तर आठ महिने वाळूत गेले.
तीन लिहिले तर चार महिने उसने,
आणि उसनं मागायला कुणी आलंच
तर मी देणार कुठून?
पाच लिहिणारेही असतील. आज रात्रीच,
गांधीनगरात, कागलात कुणीतरी
हसत हसत पाच लिहीत असेल.

मी दोन लिहिले.
खाली रिकामी जागा होती : इतर माहिती.
लिहिलं, माझ्या हातून बासष्ट कास्टिंग गेली.
त्यानंतर एकही नाही.
मूठ दाबून वाळू ओळखते. अजून शिकतेय.

श्रद्धा मगदूम पांघरुणातून डोकं काढून म्हणाली,
"वेडी हायस का? ते बासष्टचं काढ आधी.
आणि लाइट घालव, मला पहिली पाळी हाय."

काढणार होते.
पण अंगठा आधीच पडला होता,
नखात कोळशाची भुकटी असलेला.